४.५ मिमी छर्र्यांची परीक्षा: कोकणातल्या दमट हवेत कोणत्या डब्याचे पैसे वसूल होतात

एअर रायफलीचे छर्रे घेताना डब्यावर छापलेला वेग वाचूच नये, आणि किमतीकडेही जरा उशिरा बघावं. स्प्रिंगच्या (चाप ओढला की स्प्रिंग सुटून हवा दाबणाऱ्या) रायफलीत छर्रा चालणार की नाही, हे छर्र्याच्या डोक्याचा व्यास नळीला बसतो का आणि डब्यातले सगळे छर्रे एका वजनाचे आहेत का, यावर ठरतं. कोकणात राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट बघावी लागते: डबा पावसाळ्यात कुठे पडून होता. महागडा डबा यातल्या एका परीक्षेत नापास झाला, तर निम्म्या किमतीचा देशी डबा त्याच्या पुढे जातो.

परीक्षेसाठी दोन प्रकारच्या रायफली धरल्या आहेत. एक नळी मोडून भरायची आणि दुसरी नळीखालचा दांडा ओढून भरायची. दोन्ही ४.५ मिमी, दोन्ही साधारण १४ ज्यूलच्या. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २३० मीटरने सुटला की हिशेब बरोबर १४ ज्यूलवर येतो. सध्याच्या नियमांत ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची शक्ती यांना परवाना लागत नाही. अमेरिकेत लिव्हर-ॲक्शनच्या (चापाजवळची कडी ओढून काडतूस भरायच्या) शिकारी रायफली बाळगणारे लोक घरी शिसं ओतून गोळ्या पाडतात, दारू मोजून काडतुसं भरतात आणि कागदावर तपासतात. आपल्याकडे दारूगोळा तयार करणं हा शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याचा विषय आहे, त्यामुळे तो नाद इथे नको. छर्रेही घरी ओतायला जाऊ नका. पातळ स्कर्टचा, म्हणजे मागच्या पोकळ घेराचा, छर्रा साच्यात धड उतरत नाही. कारखान्यात तो शिशाच्या तारेचे तुकडे ठशात दाबून बनवतात.

आंब्याच्या कलमांवर येणाऱ्या माकडांसाठी एअरगन घेणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी हा लेख नाही. छर्रा माकडाला पळवत नाही, त्याच्या अंगात रुततो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याची गाठ पडते ती वेगळीच.

आता डबे. कागदी निशाणासाठी चपट्या डोक्याचे तीन घेतले: एक देशी, एच अँड एनचा फिनाले मॅच आणि आरडब्ल्यूएसचा आर-१०. शेवटचे दोन्ही जर्मन, दोन्ही ०.५३ ग्रॅमचे. गोल डोक्याचे दोन, चेक बनावटीच्या जेएसबीचे: एक्झॅक्ट ०.५४७ ग्रॅम आणि त्याचाच जड भाऊ ०.६७ ग्रॅम. शिवाय टोकदार डोक्याचा एक आणि शिसं नसलेल्या मिश्रधातूचा एक. आर-१० मागवताना डब्यावर ‘रायफल’ आहे की ‘पिस्तूल’ ते बघा. पिस्तुलाचा ०.४५ ग्रॅमचा असतो, आणि कुरिअरने भलताच आला तर परत पाठवण्यात आठवडा जातो.

डबा उघडला की लगेच बंदुकीत भरू नका. छर्रे मऊ शिशाचे असतात आणि मुंबई-पुण्याहून घाट उतरून येईपर्यंत डब्यात आपटत येतात. स्कर्टची कड दबलेली असते, आणि सगळी गंमत तिथेच बिघडते. छर्र्याचं डोकं नळीच्या आतल्या पिळदार आट्यांच्या माथ्यावरून सरकतं. मागचा पोकळ स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून खाचांत बसतो आणि हवा रोखतो. कड एका बाजूला दबली असेल तर हवा तिथून निसटते आणि नळीच्या पुढच्या तोंडाशी छर्र्याला तिरका धक्का बसतो. डोळ्यांनी न दिसणारी ही खोट काचेवर दिसते. आरशाची नाहीतर खिडकीची काच घ्या, एका बाजूला वहीएवढं उचला, आणि छर्रे वरून एकेक आडवे सोडा. डोकं आणि स्कर्ट यांचे व्यास वेगळे असल्याने छर्रा सरळ न घरंगळता कमान काढत खाली येतो. एका घडणीचे सगळे एकाच जागी पोचतात. जो भलतीकडे जातो किंवा मध्येच लंगडतो तो बाजूला काढा. देशी डब्यात असे बरेच निघतात, मॅचच्या (स्पर्धेच्या) डब्यात क्वचित. पण वाटेत चेपलेला मॅच डबा असेल तर त्यातही निघतात, आणि तेव्हा जास्त चीड येते.

मग वजन. ०.००१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा चालेल, पण पंख्याखाली नाही. वाऱ्याने शेवटचा आकडा नाचत राहतो. काटा दर पंचवीस-तीस छर्र्यांनी शून्यावर आणा. चांगल्या डब्यातले जवळजवळ सगळे ०.०१ ग्रॅमच्या पट्ट्यात बसतात. देशी डब्यात ०.०४-०.०५ ग्रॅमचा फरक सहज सापडतो. अशा डब्याचे तीन ढीग करा. मधला ढीग सरावाच्या कामाचा, हलका आणि जड ढीग वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवून आपापल्यात वापरा. देशी छर्रा वाईट नसतो, त्याला निवडायला लागतं एवढंच. तांदळाएवढाच वेळ द्यावा लागतो.

वजनातला आणि त्यातून येणारा वेगातला फरक किती महाग पडतो, ते अंतरावर अवलंबून आहे. हवेचा अडथळा सोडून हिशेब करा. २३० आणि २२० मीटर वेगाच्या दोन छर्र्यांत १० मीटरवर उंचीचा फरक एक मिलिमीटरहून कमी पडतो. २५ मीटरवर तोच फरक पाच मिलिमीटरच्या वर जातो. म्हणून १० मीटरवर ‘छान चालतो’ असं प्रशस्तिपत्र मिळालेला डबा मागच्या आगरात २५ मीटरवर नेला की नालायक ठरतो. क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर दहा छर्र्यांत सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद यांच्यातलं अंतर बघा. ३-४ मीटर उत्तम. १० च्या पुढे गेलं तर छर्रा ढिला बसतोय किंवा रायफलीचा वॉशर (हवा रोखणारी चकती) गेलाय.

सांध्यावरचा वॉशर तपासायला यंत्र लागत नाही. नळी मोडायच्या जागी, सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी आडवी ठेवा आणि चाप ओढा. पट्टी उडाली तर हवा तिथून निसटते. हे आधी करा. नाहीतर गळक्या रायफलीचा राग छर्र्यांवर निघतो आणि माणूस उगाच डबे बदलत बसतो. दस्त्याचे स्क्रूही आवळून घ्या. स्प्रिंगच्या धक्क्याने ते सुटत राहतात, आणि खाऱ्या हवेत त्यांच्या खाचा गंजल्या की पेचकस घसरतो. पावसाळ्यापूर्वी एकदा काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून बसवलेले बरे.

छर्रा नळीत दाबताना अंगठ्याला काय कळतं, ही सगळ्यांत स्वस्त परीक्षा. किंचित अडखळत, हलक्या दाबाने आत जाऊन स्कर्टची कड नळीच्या मागच्या तोंडाशी सपाट बसली पाहिजे. आपोआप आत पडला तर डोकं लहान. नखाने रेटावं लागलं तर मोठं. म्हणूनच चांगल्या कंपन्या एकच छर्रा डोक्याच्या वेगवेगळ्या व्यासांत देतात. फिनाले मॅच ४.४९ आणि ४.५० मध्ये मिळतो, जेएसबी एक्झॅक्ट ४.५०, ४.५१ आणि ४.५२ मध्ये. एका शतांश मिलिमीटरने काय होणार, असं वाटतं. पण नळी मोडायच्या रायफलीत कड जराशी बाहेर राहिली की नळी बंद होताना ती चिमटली जाते. असा छर्रा झुपक्यातून (कागदावर जवळजवळ पडलेल्या भोकांतून) फटकून एकटाच कुठेतरी लागतो, आणि दोष नेमाला दिला जातो. दहातले आठ एका भोकात आणि दोन भलतीकडे, असं वारंवार होत असेल तर आधी इथे बघा.

खालच्या दांड्याच्या रायफलीत नळी जागची हलत नाही, त्यामुळे नेम टिकतो. पण छर्रा भरायची जागा चिंचोळी असते आणि जाड बोटांच्या माणसाचा छर्रा तिथे उलटा पडतो. शिवाय यांतल्या पुष्कळ रायफलींत हवेचा दट्ट्या (पिस्टन) असलेली नळकांडी मागे सरकते. ती चुकून सुटली तर बोट कापलं जाईल. खटका लागल्याचा आवाज आला तरी एक हात दांड्यावर घट्ट धरूनच दुसऱ्या हाताने छर्रा भरायचा. यात सूट नाही.

डबा बदलला की पहिले पंधरा-वीस छर्रे मोजू नका. आधीच्या छर्र्याचं शिसं आणि तेल नळीत असतं, नवीन छर्र्याचा थर बसायला तेवढे लागतात. त्यानंतर दहा-दहाचे झुपके. पाचच्या झुपक्यावर विश्वास नाही, तो नशिबानेही चांगला येतो. मोजताना सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजून त्यातून ४.५ मिमी वजा करा. चपट्या डोक्याचा छर्रा कागद पंचिंगसारखा गोल कापतो, माप सोपं जातं. गोल डोक्याचा कागद फाडतो आणि भोक छर्र्यापेक्षा लहान दिसतं. त्यात दमट हवेने कागद नरम पडलेला असला की कडा लोंबतात. जुलै महिन्यात निशाणाचे कागद डब्यात ठेवा, मागे पुठ्ठा चिकटवा, नाहीतर माप खोटं येईल.

रायफल धरण्याबद्दल थोडंच. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि मग पुढे उसळते, तेही छर्रा नळीत असतानाच. वाळूच्या पिशवीवर आवळून धरली तर ती दर वेळी वेगळी उडी मारते. पिशवीवर हात, हातावर दस्ता, आणि पकड सैल. हात दस्त्याखाली रोज त्याच जागी येण्यासाठी चिकटपट्टीची खूण करा. हात खुणेपासून दोन इंच मागे-पुढे झाला तरी झुपक्याची जागा बदलते.

वाऱ्याचं गणित मात्र किनाऱ्यावर वेगळंच. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलय वाहतो, दुपारी समुद्राचा वारा चढतो. मधल्या वेळात, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, माडाची झावळं हलायची थांबतात. २५ मीटरची परीक्षा त्या वेळेत उरकायची. सेकंदाला ३ मीटरचा आडवा वारा ०.५४७ ग्रॅमच्या गोल डोक्याच्या छर्र्याला २५ मीटरवर सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर सरकवतो. चपट्या डोक्याच्या छर्र्याला दीडपट ते दुप्पट, कारण हवेचा अडथळा त्याला जवळजवळ दुप्पट होतो. गुहागरच्या सुरूच्या बनाआड झाडं वारा अडवतील असं वाटतं. पण झाडांमधून तो झुळकांनी येतो आणि ते स्थिर वाऱ्याहून वाईट. निशाणाजवळ काडीला दोऱ्याचा तुकडा बांधा, तो लोंबता राहिला की चाप ओढा.

निकाल. १० मीटरवर फिनाले मॅच आणि आर-१० यांच्यात निवड करायची झाली तर आम्ही नळीला विचारू. दोन्हीचा दर्जा एकसारखा आहे आणि फरक फक्त डोकं कसं बसतं याचा. या दर्जाच्या स्प्रिंग रायफलीने दहा छर्रे ८-९ मिलिमीटरच्या आत टाकले तर जोडी जमली समजा. पुढचं बंदुकीचं नाही, हाताचं काम. पनवेलच्या लक्ष्य शूटिंग क्लबसारख्या ठिकाणी जाऊन १० मीटरचा खेळ शिकणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी. तिथल्या दाबलेल्या हवेच्या मॅच रायफली जवळजवळ धक्काच देत नाहीत आणि निशाणावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे मॅच छर्र्याला पर्याय नाही. घरच्या सरावाला निवडलेला देशी चपटा पुरतो. परदेशी डबा त्याच्या कितीतरी पट महाग पडतो, तो फक्त गुण मोजायच्या दिवशी उघडावा.

२५ मीटरसाठी जेएसबी एक्झॅक्ट ०.५४७. दुसरं नाव घ्यायची गरज नाही, फक्त व्यास ४.५१ की ४.५२ ते आपल्या नळीवर ठरवा. दोन्हींचे थोडे-थोडे छर्रे कुणाकडून मिळाले तर पूर्ण डबे घेण्याआधी तपासा. जड ०.६७ ग्रॅमचा दाबलेल्या हवेच्या रायफलीत शोभतो. स्प्रिंगमध्ये तो हळू निघतो, कमान जास्त काढतो, आणि अंतर दोन-तीन मीटरने चुकलं की खाली लागतो. वाऱ्यात थोडा टिकतो हे खरं, पण त्यासाठी एवढं सोसू नये.

टोकदार छर्रा दिसायला झकास. टोक नेमकं मधोमध असणं कठीण, आणि डब्यात आपटून ते आधी वाकतं. कागदावर त्याचा काही फायदा नाही. बिनशिशाचा हलका छर्रा वेगाचे आकडे वाढवतो, डब्यावर तेच ठळक छापलेलं असतं. तो इतका हलका असतो की पिस्टनसमोर हवेची पुरेशी उशी तयार होत नाही, पिस्टन जाऊन आपटतो, स्प्रिंग आणि पिस्टनचा वॉशर दोन्ही लवकर जातात. कडक धातू आट्यांत नीट बसत नाही आणि झुपका पसरतो तो वेगळाच. शिशाची भीती म्हणून घेत असाल तर त्यापेक्षा शिशाची शिस्त पाळा. छर्रे तोंडात धरू नका (ही सवय फार लोकांना आहे), हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका, आणि निशाणामागची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

निशाणामागे काय हवं, तेही. लाकडी खोका, मागे ३ मिमीचा पत्रा खालच्या बाजूला तिरका, पुढे १५-२० सेंटिमीटर जुन्या कपड्यांचा गच्च बोळा. उघडा पत्रा छर्रा परत फेकतो. जांभ्याचा चिरा मऊ दिसतो म्हणून त्यावरच नेम धरणारे आहेत, पण चिऱ्यातला एखादा कडक भाग छर्र्याचे तुकडे करून उलट उडवतो. खोक्यामागे गडगा असू द्या, खोक्याच्या जागी नको. गडग्याच्या वरून पलीकडे जाईल असा नेम कधीच धरायचा नाही. छर्रा चुकला तर दोन-तीनशे मीटर लांबही जातो आणि पलीकडे पायवाट असतेच. डोळ्यांवर चष्मा.

साठवण इथे बाकी महाराष्ट्रापेक्षा महत्त्वाची. उघड्या पत्र्याच्या डब्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडलेल्या छर्र्यांवर पांढरी भुकटी धरते. ते शिशाचंच संयुग आहे. फुंकर मारून साफ करू नका, डबा बाद करा. नवीन प्लायवूडच्या कपाटातून आम्ल वाफा निघतात आणि शिशाला त्या दमट हवेपेक्षा लवकर खातात, त्यामुळे ‘कपाटात सुरक्षित आहे’ हा समज सोडा. घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बरणी, त्यात सिलिका जेलची पुडी, आणि पुडीचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा कोरडी करायची. छर्रे धुवायचे असतील तर कोमट पाण्यात भांड्याचा साबण, मग टॉवेलवर पूर्ण वाळवणं. पण धुतल्यावर कारखान्याचा तेलाचा थर जातो आणि इथल्या हवेत उघडं शिसं लवकर काळवंडतं. फडक्याला लावलेल्या तेलाचा नुसता हात फिरवा. तेल जास्त झालं तर दाबाने तापलेल्या हवेत ते पेटतं, ‘फट्’ असा मोठा आवाज येतो, धूर निघतो आणि त्या छर्र्याचा वेग भलताच येतो. डबा बाद ठरवण्याआधी हे तपासा.

स्थानिक दुकानात बहुधा एक-दोन प्रकारच मिळतात आणि तेही कधी आले ते सांगता येत नाही. डबा हलवून बघा. आत खडखडाट जास्त आणि झाकणाच्या कडेला गंज असेल तर घेऊ नका. ऑनलाइन मागवताना विक्रेत्याला डबा खोक्यात कागद कोंबून बांधायला लिहा, फुगे असलेल्या पाकिटात नुसता टाकलेला डबा कड चेपूनच येतो. चांगल्या डब्यांवर लॉट नंबर असतो. झुपका जमला की तोच नंबर लिहून घ्या आणि त्याच लॉटचे आणखी दोन-तीन डबे मे महिन्याच्या आत मागवून बरणीत घाला.